दोनदा मरणारी कौसाबाई

मंडळाच्या हॉलात कौसाबाईचा फोटो लावायचं ठरलं आहे. परवा मंडळाचे दोघं तरुण कार्यकर्ते घरी आले. एक म्हणाला, "काका, तुम्ही त्यांच्या साथ काम केलं ना, तर बस दोन चांगले शब्द बोलून द्या. ज्यादा नाही, पाच मिनिट." मी त्यांना चहा पाजला अन् सांगितलं, बाबांनो, चांगले शब्द माझ्यापाशी नाहीत. वाईट पुष्कळ आहेत, पण ते पाच मिनिटांत आटोपणार नाहीत. दोघंही हसले. म्हातारा थट्टा करून राहिला असं त्यांना वाटलं.

फोटोखाली लिहिणार आहेत, 'भिलाईची पहिली मराठी नटी'. पहिली म्हणे. तिच्या आधी आमच्या कामगार वस्तीतल्या, कॅम्प-१ मधल्या नाटकांत बायका नव्हत्या काय? होत्या. त्या सगळ्या मी होतो.

यात हसण्यासारखं काही नाही. पोलादाचा कारखाना उभा होत होता तेव्हाची गोष्ट. साकोली-भंडाऱ्याकडची आम्ही माणसं कामाच्या मागं इथं आलो, ते येताना भांडीकुंडी आणली, कुलदैवत आणलं अन् झाडीतलं, म्हणजे आमच्या जंगलपट्टीतलं, नाटक आणलं. बळीरामभाऊ आमचे फोरमन. नाटक तेच लिहीत, तेच बसवत अन् नायकाच्या बापाचं काम तेच करत, कारण त्यात ओरडायला मिळे. त्यांचं 'सौभाग्य गेलं वाहून' कॅम्पात फार चाललं. त्यातली नायिका गंगा. तिचा नवरा पोटासाठी परमुलखात जातो, तिकडंच रमतो, गंगा वाट पाहून पाहून खंगते, अन् शेवटी तो दारात येऊन उभा राहतो तेव्हा त्याच्यासमोर प्राण सोडते. ही गंगा मी करत असे. सहा दिवस रोलिंग मिलमध्ये फिटर, रविवारी गंगा. केस खांद्यापर्यंत वाढवले होते, ते हेल्मेटखाली दडपून ड्यूटी करायचो. माझी बायको अनसूया म्हणायची, "मायापेक्षा तुमच्याच डोक्याले तेल जास्त लागते जी." बाईचं चालणं मी सार्वजनिक नळाजवळ उभं राहून शिकलो. भरली घागर कमरेवर घेतली की कुठला पाय आधी पडतो, मान किती वळते, सगळं पाहून ठेवलं होतं. नळावरच्या बायांनी त्याबद्दल शिव्या दिल्या. कलेसाठी त्याही खाल्ल्या.

अन् मग बाजूच्या ब्लॉकातल्या तेलुगू लोकांनी आपल्या नाटकात खरी बाई उभी केली. झालं. बळीरामभाऊंना जेवण जाईना. "पुंडलिक, तू चांगलाच करतं, पण आता मंडळाच्या इज्जतीचा सवाल हाय," असं म्हणून ते झाडीत गेले अन् आठवड्याभरानं हिला घेऊन आले. माझ्या हातात नाटकाची वही दिली अन् मला विंगेत उभं केलं. प्रॉम्प्टर. ज्यानं गंगा केली त्यानं आता गंगेला वाक्यं पुरवायची.

तर ही कौसाबाई. नाव कौसल्या, गाव साकोलीच्या पलीकडं जंगलात कुठंतरी. जाहिरातीच्या कागदावर मात्र 'मिस कुमुद, नागपूर'. नागपूर तिनं पाहिलेलं नव्हतं. एकदा मी मुद्दामच विचारलं, नागपुरात कुठं राहत होता? म्हणाली, "टेशनाजवळ." टेशन कुठं नसतं? वय प्रत्येकाला वेगळं सांगे. कुठल्याशा राजानं तिचं काम पाहून शालू दिला होता म्हणे. राजा दर वेळी वेगळ्या गावचा, शालूचा रंगही वेगळा. शालू दाखवा म्हटलं की, "वाळवीनं खाल्ला जी," म्हणून मोकळी.

पहिल्या तालमीला ती चालायला लागली तेव्हा मला खरंच वाटलं, बळीरामभाऊ चुकून दुसरीच कोणी घेऊन आले. ढांगा टाकत चालायची. डोक्यावर धानाचा भारा घेऊन शेताच्या धुऱ्यावरून घाईनं निघाली आहे, अशी. मी विंगेतून म्हटलं, "बाई, जरा बाईसारखं चाला." ती थांबली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् म्हणाली, "भाऊ, मी बाईच आहो ना जी. मी चालीन ते बाईचंच चालणं."

सगळे हसले, बळीरामभाऊसुद्धा. मी वहीत डोकं घातलं. अडाण्याशी वाद घालू नये. कमरेत लचक नाही, मानेत नजाकत नाही. नुसतं बाई असून काय उपयोग?

सवयी तर ऐकाच. प्रवेशाच्या ऐन आधी गुडाखू. तंबाखूचा तो काळा लगदा इकडं छत्तीसगडात सगळेच दाताला घासतात, पण नायिकेनं? माझ्या शेजारी उभी राहून बोटानं दात घाशी, माझ्या पायाजवळ पचकन थुंके, तोंड पुसे, पदर सावरे अन् स्टेजवर जाऊन लाजत म्हणे, "धनी, तुळशीला पाणी घालून आलो." 'आले' असं वहीत होतं. पण आमच्याकडच्या बाया 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, तर गंगेनंही तसंच म्हणायचं. मी 'तुम्हाला' सांगावं, तिनं 'तुमाले' म्हणावं. मी नाटकातून शुद्ध बोलायला शिकलो. ही नाटकात येऊन नाटकच बाटवून बसली.

अन् तोंडाला पावडर अशी थापायची की भिंत बरी. आमची नाटकं दुपारची, हेही सांगायला हवं. झाडीत नाटक कोंबडा आरवेपर्यंत चालतं, पण इथं रात्री अर्धा कॅम्प ड्यूटीवर, अर्धा झोपेत, अन् बायांना रात्री कोण पाठवणार? म्हणून रविवारी बाराच्या सुमारास, ताडपत्रीच्या मांडवात प्रयोग. ताडपत्रीच्या भोकांतून ऊन गळायचं. त्या उन्हात तिचं तोंड पांढरं, मान करडी अन् हात काळे. एकीत तीन बाया दिसायच्या. म्हणून हात ती कायम पदराखाली ठेवी. मंगळसूत्र दाखवायचं तरी पदराआडून.

हात तसे असायचं कारण म्हणजे ती रेजा होती. बांधकामावर डोक्यावरून घमेली वाहणाऱ्या बाईला इकडं रेजा म्हणतात. नाटकावर पोट भरत नव्हतं. सहा दिवस ठेकेदाराकडं सिमेंट अन् गिट्टी, सातव्या दिवशी मिस कुमुद, नागपूर. शनिवारी जिला गिट्टी वाहताना पाहिलं तिला रविवारी नायिका समजायचं. अन् लोक समजत, हे त्याहून विशेष.

मग ती इथं राहिली कशाला, झाडीत तर हंगामभर कामं मिळत होती? तर बळीरामभाऊंनी तिला शब्द दिला होता. आल्या दिवशीच तिनं विचारलं, "तुमच्या गावात पक्कं थेटर हाय का जी? पडदा वढाचं, लाइटीचं?" जन्मभर तिनं मातीवर नाहीतर खाटा जोडून केलेल्या स्टेजवर काम केलेलं. बळीरामभाऊ म्हणाले, "साहेबांच्या सेक्टरात हॉल होऊन राहिला. तयार झाला का पहिलं नाटक आपलं. अन् त्यात गंगा तूच." त्या एका शब्दावर बाईनं मुक्काम ठोकला. पुढं ठेकेदाराच्या मागं लागून तिनं आपलं कामही त्या हॉलवरच लावून घेतलं. मग रोज संध्याकाळी कॅम्पात बातमी. "आज भिंत खांद्यापर्यंत आली." "आज स्टेजात भर टाकली." "भाऊ, भल्ली उंच हाय जी स्टेज, तुमच्या छातीपर्यंत लागन." जसा काही हॉल हिच्यासाठीच बांधून राहिले होते. मी एकदा म्हटलं, बाई, भर जरा नीट दाबा, नाहीतर मिस कुमुद पहिल्याच अंकात खचायची. तर ती हसली अन् म्हणाली, "दाबतो जी, दोन्ही पायानं दाबतो." टोमणा कळायलाही अक्कल लागते.

आता त्या एका वाक्याचं सांगतो, म्हणजे मी विंगेत काय सोसलं ते कळेल. तिला वाचता येत नव्हतं, सगळं ऐकून पाठ करायची. बाकीचं कसंबसं व्हायचं. पण शेवटच्या प्रवेशात नवरा दारात येतो अन् गंगा म्हणते, "दार उघडंच होतं धनी. तुम्हालाच घर सापडलं नाही." एवढंच. एका दमात म्हणायचं अन् मान टाकायची. मी तसंच करत असे. ही 'धनी' म्हटलं की अडायची. दर वेळी. मांडव गप्प, नवरा झालेला दामू तिच्या तोंडाकडं पाहतो आहे अन् ही नुसती पडलेली. हा दामू म्हणजे बळीरामभाऊंचा साळा, त्यालाही काही सुचायचं नाही. मी विंगेतून सांगायचो, "तुम्हालाच घर सापडलं नाही." ढिम्म. पुन्हा सांगायचो, जरा मोठ्यानं. तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जायचं. मग कधीतरी बाईसाहेबांच्या डोक्यात उजेड पडे अन् ती म्हणे. तोवर बाया डोळ्याला पदर लावून बसलेल्या असत. दोन वर्षं झाली तरी एक वाक्य पाठ होईना. मी बळीरामभाऊंना म्हटलंसुद्धा, एवढं वाक्य काढूनच टाका, म्हणजे तिचीही सुटका अन् माझीही. चुकीचं वाक्य मात्र मी तिला कधी दिलं नाही. ते पाप माझ्या नावावर नाही.

'भाऊ'ची गोष्ट तर कॅम्पात अजून सांगतात. मंडळातल्या प्रत्येक पुरुषाला ती भाऊ म्हणायची. मिसरूड न फुटलेल्यालाही भाऊ अन् बळीरामभाऊंच्या म्हाताऱ्या बापालाही भाऊ. एकट्या बाईला तसं कुंपण घालून राहावंच लागतं, असं अनसूयेचं म्हणणं. राहा ना, पण स्टेजच्या खाली. एका रविवारी दुसऱ्या अंकात दामू परमुलखात निघाला, गंगेनं त्याचे पाय धरले अन् म्हणाली, "मले टाकून जाऊ नका भाऊ."

असा हशा पिकला की ताडपत्री उडायची बाकी राहिली. मागून कोणी ओरडलं, "दामू, राखी बांधून घे अन् जाय." दुसरी कोणी असती तर तोंड लपवून आत पळाली असती. ही पाय धरून तशीच बसली. हशा पुरता ओसरू दिला अन् म्हणाली, "भाऊ म्हणा का धनी म्हणा, जानारा मानूस कोनाचा असते?" हे वाक्य वहीत नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी बळीरामभाऊंनी ते वहीत घालायला सांगितलं अन् मला माझ्या हातानं ते लिहावं लागलं.

अन् आता ज्यापायी ती गाजली ते. दोन वाजताचा भोंगा. तेव्हा पहिली पाळी सुटते अन् दुसरी लागते. नाटक बाराला सुरू व्हायचं, अन् दीड झाला की दुसऱ्या पाळीची माणसं डबे घेऊन उठायची. निम्मा मांडव रिकामा. दोननंतर पहिली पाळी सुटून आलेले लोक त्यांच्या जागी येऊन बसत. यांना सुरुवात ठाऊक नाही, त्यांना शेवट ठाऊक नाही. शेवटी दुसऱ्या पाळीवाल्यांनी भांडण काढलं. "वर्गणी आमीबी देतो. मंग मरण तेवढं फस्ट शिफ्टलेच कावून?" बळीरामभाऊ डोकं धरून बसले. कौसाबाई मुरमुरे खात होती. ती म्हणाली, "त्यात काय जी. मी दोनदा मरतो."

असं नाटक जगाच्या पाठीवर कुठं झालं नसेल. दीड वाजला की अंकाच्या मधेच बळीरामभाऊ पुढं येत अन् सांगत, "सेकंड शिफ्टच्या बंधूंसाठी शेवटचा प्रवेश." नवरा अजून परमुलखात जायचा आहे, पण तो तिकडून परत येई. गंगा मरे. दुसऱ्या पाळीचे लोक डोळे पुसत, डबे उचलत अन् ड्यूटीवर चालू लागत. मग गंगा उठे, लुगड्याची धूळ झटके, विंगेत येऊन मूठभर मुरमुरे तोंडात टाके, अन् भोंगा झाला की नव्या मंडळींसमोर पुन्हा नवी नवरी. सगळं नाटक संपताना दुसरं मरण. 'धनी' म्हणून अडणं दोन्ही वेळा ठरलेलं. लोकांना त्याचं कौतुक. "आज दोन्ही मरणं पाहिली," असं सांगत सुटत. मी म्हणायचो, कलेचा खून एकदा झाला तर कळत तरी नाही.

एकदा कारखान्यावरचा एक रशियन इंजिनियर दुभाष्याला घेऊन आला. पहिलं मरण पाहून तो उठून उभा राहिला अन् डोक्यावरची टोपी काढली. थोड्या वेळानं पाहतो तर बाई तुळशीला पाणी घालून राहिली. त्यानं दुभाष्याला विचारलं. दुभाष्यानं बराच विचार केला अन् एकच शब्द सांगितला, "शिफ्ट." रशियनानं समजल्यासारखी मान हलवली. दुसऱ्या मरणाला त्यानं पुन्हा टोपी काढली. परक्या मुलखातल्या माणसासमोर आपल्या नाटकाची ही शोभा, अन् बळीरामभाऊ ते सगळ्यांना छाती फुगवून सांगत.

शेवटी हॉल झाला एकदाचा. लाकडी फळ्यांचं स्टेज, लाल पडदा, वर पंखे, खाली खुर्च्या. पहिलं नाटक कॅम्पातल्या मंडळानं करावं असा सेक्टरातून निरोप आला. कौसाबाईनं ते कॅम्पभर केलं. हाताला रोज तेल-हळद चोळू लागली. सिमेंटनं फुटलेले ते हात, हळद बिचारी काय करणार?

बोलणी करायला बळीरामभाऊ सेक्टरात गेले, सोबत मी. तिथं साहेबांच्या बायकांची समिती होती. त्यांतल्या मुख्य बाईंनी मोठ्या गोडीनं विचारलं, "तुमची नायिका म्हणजे आपल्या हॉलच्या कामावर होती, तीच का हो?" बळीरामभाऊ म्हणाले, हो. "नाही, कला वगैरे सगळं ठीक आहे. पण नाटकानंतर कलाकारांचा आमच्याबरोबर चहा आहे. सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होईल. तिलाही." मग तोडही त्यांनीच काढली. पूर्वी पुरुष किती सुंदर स्त्रीभूमिका करत, ती परंपरा आपण दाखवू या ना. बळीरामभाऊ कोळशाच्या भट्टीसमोर उभं राहून पन्नास माणसांना शिव्या घालणारा माणूस. त्या बाईसमोर त्यांच्या तोंडून कौसाबाईचं नाव निघालं नाही. त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. ज्या इज्जतीसाठी बाई आणली होती, त्याच इज्जतीसाठी आता बाप्या लागत होता.

मी हो म्हटलं. का म्हणू नये? गंगा माझी होती.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई आमच्या घरी आली. मला वाटलं भांडेल, रडेल, निदान बळीरामभाऊंच्या नावानं बोटं मोडेल. अनसूयेनं चहा ठेवायच्या आधी दार लोटून घेतलं, शेजाऱ्यांना तमाशा नको म्हणून. कौसाबाईनं पिशवीतून गंगेचं लुगडं काढलं. धुऊन, घडी करून आणलं होतं. बांगड्या काढल्या, पावडरचा डबा काढला.

"भाऊ, लुगडं जरासं आखूड होईन तुमाले. खालची शिवण उसवून घेजा."

मी म्हटलं, पाहतो.

"अन् स्टेजाच्या डाव्या कोपऱ्यात एक फळी वर आली हाय. तठी पाय जपजा."

बशीत ओतून चहा प्याली, बशी धुऊन ठेवली. दारात गेल्यावर वळली. "भाऊ, तठी एकदाच मरा लागन तुमाले. कोनाले ड्यूटीवर जाचं नाई, सारे खुर्चीवर बसून राहतीन. तं घाई नका करजा."

मला शिकवत होती. मला, ज्यानं ती भूमिका उभी केली. ती गेली तरी अनसूया दाराची कडी धरून तशीच उभी. मग म्हणाली, "तुमी नाई म्हटलं असतं तं काय बिघडलं असतं जी?" बायांना नाटकातलं काय कळतं?

प्रयोग झाला. असा चाललो की पहिल्या रांगेतून "हुबेहूब, हुबेहूब" ऐकू येत होतं. वर आलेली फळी चुकवली. शेवटी दामू दारात आला अन् मी म्हटलं, "दार उघडंच होतं धनी, तुम्हालाच घर सापडलं नाही." एका दमात, स्वच्छ, शुद्ध. मान टाकली. टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या. चहाच्या वेळी मुख्य बाई म्हणाल्या, "अगदी बाई वाटता हो तुम्ही. मला तर शेवटी हसूच आवरेना." कशाचं हसू, ते मी विचारलं नाही. डोळ्याला पदर कोणीच लावला नव्हता. नसो. रडवणं म्हणजे कला नव्हे, हे मी तेव्हाही म्हणत होतो.

माझं गंगावन त्या गडबडीत तिथंच राहिलं. थोड्या दिवसांनी ते आणायला गेलो. दुपारची वेळ. हॉलच्या मागं एका खोलीचं बांधकाम अजून चालू होतं. मागच्या दारानं विंगेत शिरलो तर स्टेजवरून आवाज आला. पडदा उघडा, दिवे बंद, वरच्या झरोक्यातून स्टेजवर ऊन पडलेलं. समोर लाल खुर्च्यांच्या रांगा रिकाम्या. त्यांवर बसायची हिंमत नाही म्हणून काही रेजा खाली फरशीवर भाकरीचं फडकं सोडून बसल्या होत्या. सगळ्या छत्तीसगडी, आमची मराठी त्यांना ओ की ठो कळायची नाही. अन् वर कौसाबाई. पावडर नाही, बांगड्या नाहीत, लुगडं सिमेंटनं भरलेलं, डोक्यावरची चुंबळ बाजूला काढून ठेवलेली. मरून राहिली होती.

समोर दामू नव्हता, तरी दारात कोणी उभं असल्यासारखी ती वर पाहत होती. "दार उघडंच होतं धनी," म्हणाली, अन् अडली.

मी आता तिचा कोणी नव्हतो. हातात वहीही नव्हती. पण सवय वाईट असते. मी विंगेतून सांगितलं, "तुम्हालाच घर सापडलं नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पदराखालून हात काढला अन् पंजा माझ्या दिशेनं नुसता धरला. थांबा. तसाच धरून ठेवला. काळा, भेगाळलेला हात, अन् भेगांमध्ये हळद तशीच राहिलेली. खालच्या बाया जेवायच्या थांबल्या. एकीचा घास हातातच राहिला. त्या जागी एवढी शांतता असते हे मला ठाऊकच नव्हतं. कसं असणार? दर वेळी तिथं मी बोलत होतो.

बऱ्याच वेळानं तिनं हात खाली घेतला अन् अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमालेच घर सापडलं नाई." अन् मान टाकली. घास हातात असलेली बाई तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

मला कौसाबाईचा असा संताप आला की काय सांगू. दोन वर्षं ही बाई थांबत होती अन् मी तिला विसराळू समजून घसा फोडत होतो. सांगायचं ना मग. तोंड नव्हतं काय? तो हात तेव्हाही पदराखाली असाच धरत असेल, तर मला तो दिसणार कुठून? अन् घाई करू नका म्हणून सांगायला घरी आली, तर नीट फोडून सांगायचं. अशी अर्धवट माणसं दुसऱ्याचं नुकसान करतात.

भोंगा झाला. ती उठली, लुगड्याची धूळ झटकली, चुंबळ डोक्यावर ठेवली. खाली उतरून माझ्याजवळून जाताना थांबली. "आले होते का जी भाऊ? ते डाव्या अंगाची फळी ठोकून घेतली मी," म्हणाली अन् बाहेर गेली. विंगेत मला सुचवायला कोणी नव्हतं. महिन्याभरात ठेकेदाराची टोळी दुसऱ्या गावच्या कामावर गेली, ती त्यांच्याबरोबर गेली. बळीरामभाऊंनी तिला निरोपही दिला नाही.

मंडळाच्या त्या फोटोत ती खुर्चीवर बसली आहे, हात पदराखाली. त्यामुळं पोरांना काहीच कळायचं नाही. मी पाहिलं आहे. त्या दुपारी हॉलच्या मागच्या दारात उभं राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होतो. डोक्यावर भरलेलं घमेलं, अन् ढांगा टाकत, धानाचा भारा घेऊन धुऱ्यावरून घाईनं निघाल्यासारखी. बाईसारखं चालणं तिला शेवटपर्यंत जमलं नाही.